तह, तंटा आणि पगार

इ.स.पू. ५७मध्ये ज्युलियस सीझरची पत्रे रोमच्या सेनेटपुढे आली. उत्तर गॉलमधल्या बेल्गी टोळ्यांचा त्याने मोड केला होता. सेनेटने देवांचे आभार मानण्यासाठी पंधरा दिवसांचा उत्सव जाहीर केला. इतके दिवस तोवर कोणत्याही सेनापतीच्या वाट्याला आले नव्हते, ही नोंदही सीझरने स्वतःच करून ठेवली आहे. स्वतःविषयी तृतीयपुरुषी लिहिणारा माणूस असल्या नोंदी विसरत नाही! त्याच जागी त्याने गॉल देशासाठी एक शब्द वापरला आहे: 'पाकाता', म्हणजे शांत केलेला.

लॅटिनमध्ये 'पाक्स' म्हणजे शांतता आणि 'पाकारे' म्हणजे शांत करणे. हे 'पाकारे' आज युरोपात जागोजागी जिवंत आहे. स्पॅनिश, पोर्तुगीज आणि कातालानमध्ये ते 'पागार' झाले, इटालियनमध्ये 'पागारे', फ्रेंचमध्ये 'पेये'. अर्थ सगळीकडे एकच, पैसे देणे. पोर्तुगीजांच्या तोंडून ते कोकण किनाऱ्यावर उतरले आणि महिन्याच्या एक तारखेला आपल्या खात्यात जमा होऊ लागले. पगार! ज्या शब्दाने सीझरने गॉल जिंकल्याचे कळवले, त्याच शब्दाची आपण महिनाभर वाट पाहतो.

सीझरची ती 'शांतता' कशी होती ते आधी पाहू. उत्सवाला पाच वर्षे होतात न होतात तोच, इ.स.पू. ५२मध्ये, सगळे गॉल व्हेर्सिंजेटोरिक्सच्या नेतृत्वाखाली पेटून उठले. अलेसियाच्या वेढ्यात तो शरण आला, सहा वर्षे कैदेत राहिला, सीझरच्या विजययात्रेत रोमच्या रस्त्यांवरून फिरवला गेला आणि मग मारला गेला. अलेसियानंतरच्या वर्षी उक्सेलोदुनुम नावाचे एक डोंगरी ठाणे तेवढे झुंजत होते. ते पडले तेव्हा सीझरने ज्यांच्या हाती शस्त्र सापडले त्यांचे हात तोडले आणि त्यांना जिवंत सोडले. लोकांनी पाहावे, धडा घ्यावा म्हणून. हे आपल्याला सांगतो तो हिर्टियस, सीझरचाच अधिकारी. सीझर दयाळू म्हणून सर्वांना ठाऊकच होता, त्यामुळे या कृत्याला कुणी क्रौर्य म्हणेल अशी भीती नव्हती, असा खुलासाही तो जोडतो. 'पाकारे' या क्रियापदाचा अर्थ शब्दकोशापेक्षा इथे लवकर कळतो.

पुढे सम्राट ऑगस्टसच्या बाबतीत तर हे क्रियापद दगडात कोरले गेले. त्याने स्वतः लिहिलेला आपल्या कारकिर्दीचा हिशेब अंकाऱ्यातल्या देवळाच्या भिंतीवर आजही वाचता येतो. समुद्र चाच्यांपासून शांत केला, असे त्यात तो म्हणतो. लगेच पुढे, त्या युद्धात पकडलेले सुमारे ३०,००० पळपुटे गुलाम शिक्षेसाठी मालकांच्या हवाली केल्याचे सांगतो. गॉल, हिस्पानिया आणि एल्ब नदीच्या मुखापर्यंतचा जर्मानियाही शांत केल्याचे त्याने लिहिले आहे. जर्मानियाची गोष्ट मोठी गमतीची. इ.स. ९मध्ये ट्यूटोबर्गच्या जंगलात तीन रोमन लीजन कापून काढल्या गेल्या आणि ऱ्हाईनपलीकडचा मुलूख हातचा गेला. ऑगस्टस त्यानंतर पाच वर्षे जगला, पण हिशेबातले क्रियापद काही बदलले नाही.

आता हे क्रियापद पैशाकडे वळले कसे? लॅटिनला पैसे देण्यासाठी शब्दांची कमतरता नव्हती. 'पेंदेरे' म्हणजे तोलणे. नाणी पडण्यापूर्वी तांबे तोलून देत, त्या काळातला हा शब्द. सैनिकांच्या वेतनाला 'स्तिपेंदियुम' म्हणत, ते त्यावरूनच. 'सोल्वेरे' म्हणजे सोडवणे. कर्ज हे बंधन, ते फेडले की गाठ सुटली. (इंग्रजी 'सॅलरी'मागची मिठाची कहाणी सगळ्यांना पाठ असते. शब्दाचे मिठाशी नाते खरे आहे. पण रोमन शिपायांना मीठ मोजून पगार मिळे, याला पुरावा नाही.) हे शब्द असताना 'शांत करणे' हे क्रियापद व्यवहारात शिरावे, याचे कारण रोमच्या जुन्या कायद्यात सापडते.

इ.स.पू. ४५०च्या सुमारास रोमने बारा फलकांवर आपला कायदा लिहून काढला. त्यातली कर्जाची कलमे वाचताना आजच्या वसुली एजंटांविषयी जरा मवाळ वाटू लागते. निकाल लागला की कर्जदाराला तीस दिवसांची मुदत. मग सावकार त्याला घरी नेऊन पंधरा पौंडांच्या बेड्या घालू शके. रोज शेरभर धान्य द्यायचे, एवढीच अट. साठ दिवस असे गेले, मधल्या तीन बाजारच्या दिवशी त्याला चव्हाट्यावर उभे करून कर्जाचा आकडा पुकारला, तरी कुणी सोडवले नाही, तर त्याला टायबर नदीपलीकडे, म्हणजे परदेशात, विकता येई. मात्र या बेड्यांच्या काळात दोघांना आपसात मिटवण्याची मुभा होती. त्याच फलकांवर दुसरे एक कलम आहे. कुणी कुणाचा अवयव मोडला आणि दोघांनी आपसात तोड काढली नाही, तर जशास तसे. ही 'तोड काढणे' सांगायला कायद्याने जे क्रियापद घेतले आहे त्याचा धातू 'पाक्' हाच. म्हणजे 'पाक्स' ही सुरुवातीपासूनच मनाची शांती वगैरे नव्हती. दोन रागावलेल्या माणसांमधला तो करार होता. आपल्या संस्कृतमधला 'पाश' हा याच कुळातला, असे भाषाभ्यासक मानतात. बांधून घेणे, हा मूळ भाव दोन्हीकडे दिसतो.

साम्राज्य होते तोवर 'पाकारे' वरच्या लोकांकडे राहिले. शांत करणारा सम्राट आणि शांत होणारी प्रजा. पाचव्या शतकात पश्चिमेकडचे साम्राज्य कोसळले. शांत करायला सम्राट उरला नाही, पण तंटे होते तसेच राहिले, किंबहुना वाढले. गॉलमध्ये फ्रँक आले आणि त्यांनी आपला सालियन कायदा लॅटिनमध्ये लिहवून घेतला. राजा क्लोव्हिसच्या अखेरच्या वर्षांतला, म्हणजे सहाव्या शतकाच्या आरंभीचा हा कायदा म्हणजे बहुतांशी दरपत्रकच आहे. स्वतंत्र फ्रँक मारला तर २०० सोलिदुस, म्हणजे सोन्याची नाणी. जमीनदार रोमन मारला तर १००. राजाच्या पदरचा माणूस असेल तर ६००. डुक्कर चोरले, कुंपण मोडले, धनुष्य ओढायचे बोट छाटले, प्रत्येकाचा दर वेगळा. खुनाचा सूड घ्यायचा नसेल तर मेलेल्याच्या नातलगांना ही रक्कम द्यायची. त्यातला एक वाटा राजाकडे जाई. त्याचे नाव 'फ्रेदुस', फ्रँकांच्या बोलीत शांततेचा जो शब्द, त्याचेच लॅटिन रूप. एकाच मातीत दोन भाषांच्या 'शांतते'ला रुपयांचा वास लागत होता.

हे कागदावरचे. प्रत्यक्षात काय होई, ते तूर शहराचा बिशप ग्रेगरी याने डोळ्यांनी पाहिले आणि लिहून ठेवले. इ.स. ५८५च्या सुमाराची गोष्ट. नाताळच्या दिवसांत मांतलां गावच्या पाद्र्याने लोकांना प्यायला बोलवायला नोकर धाडला. बोलावलेल्यांपैकी एकाने तलवार उपसली आणि त्या नोकरालाच मारले. का, ते ग्रेगरी सांगत नाही. पाद्र्याचा दोस्त सिखार शस्त्रे घेऊन धावला, समोरच्या गटातला ऑस्ट्रेजिसेल त्याच्यावर उलटला. सिखार पळाला, पण त्याचे चार जखमी नोकर आणि चांदी-कपडे पाद्र्याच्या घरी राहिले. ऑस्ट्रेजिसेलने नोकर मारले आणि माल उचलला. पंचायत बसली. तडजोड होण्याआधीच सिखारला कळले की माल औनो नावाच्या माणसाकडे ठेवला आहे. तो रात्री तिथे घुसला. औनो, त्याचा भाऊ आणि मुलगा यांना ठार करून माल आणि गुरे घेऊन गेला.

आता बिशप मधे पडला. सिखारकडे पैसे नसतील तर चर्च देईल, पण आणखी रक्त नको, असे त्याने सांगितले. औनोचा दुसरा मुलगा क्रामनेसिंद पैसे घ्यायला तयार नव्हता. पुढे सिखार मेल्याची खोटी आवई उठली, तेव्हा त्याने जाऊन सिखारची घरे जाळली. पुन्हा पंच बसले. क्रामनेसिंदने आधी पैसे नाकारले आणि मग घरे जाळली, म्हणून त्याची निम्मी रक्कम कापली. उरलेली निम्मी सिखारने द्यावी, असे ठरले. हे कायद्याला धरून नव्हते, हे ग्रेगरी कबूल करतो. दोघे शांत व्हावेत एवढ्यासाठी केले, असे तो म्हणतो, आणि तिथे त्याने 'पाक्स'पासून निघालेलाच शब्द वापरला आहे. चर्चने चांदी मोजली. दोघांनी शपथा घेतल्या.

आणि मग त्यांची मैत्री जमली! इतकी की एकत्र जेवू लागले, एका बिछान्यावर झोपू लागले. एका रात्री क्रामनेसिंदच्या घरी पान मांडलेले, सिखारला दारू चढलेली. तो म्हणाला, मी तुझे नातलग मारले याबद्दल तू माझे आभार मानायला हवेस. त्या भरपाईमुळेच तुझ्या घरात सोने-चांदी खेळते आहे, नाहीतर तू उघडा पडला असतास. क्रामनेसिंदने ऐकून घेतले. आता याचा सूड घेतला नाही तर लोक मला पुरुष म्हणणार नाहीत, असे त्याच्या मनात आले. त्याने दिवे मालवले आणि सिखारचे डोके फोडले. प्रेत नागवे करून कुंपणाच्या खुंटाला टांगले आणि घोड्यावर बसून राजाच्या पायांवर पडायला गेला.

भरपाईसाठी ग्रेगरीचा नेहमीचा शब्द वेगळा आहे, 'कोंपोजितियो'. 'पैसे देणे' या अर्थी 'पाकारे' त्याच्याकडे सापडतो, असा माझा दावा नाही. पण हे क्रियापद राजदरबारातून अंगणात कसे आले, हे या तंट्याइतके स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसत नाही. समोरचा रागावलेला आहे. त्याला शांत करायचे. त्यासाठी चांदी मोजायची. शांत करणे आणि चांदी मोजणे ही एकच कृती झाली, की लोक एका शब्दात दोन्ही म्हणू लागतात. खुनातले नातलग आणि कर्जातला सावकार, दोघांचीही दारात येऊन बसण्याची तऱ्हा सारखीच. पुढच्या पिढ्यांत राग विसरला गेला, मोजणे तेवढे उरले.

या अर्थबदलाचा अंदाजे काळ सांगायला एक फार सुंदर साक्षीदार आहे, रोमेनियन भाषा. रोमन सम्राट त्राजानने इ.स. १०६मध्ये डॅन्यूबपलीकडचा डेसिया जिंकला आणि इ.स. २७० ते २७५ या काळात राज्य केलेल्या ऑरेलियनच्या हुकमाने रोमन फौजा तिथून मागे आल्या. त्या बाजूची लॅटिन पश्चिमेपासून तुटली. आज रोमेनियनमध्ये 'अंपाका' असे क्रियापद आहे, त्याच 'पाक्स'चे. अर्थ, समेट घडवणे, मन वळवणे. पैशाचा त्यात संबंध नाही. पैसे देण्यासाठी त्यांनी शेजारच्या स्लाव लोकांचा शब्द घेतला, 'प्लाती'. म्हणजे पूर्वेकडची लॅटिन वेगळी पडली तेव्हा 'पाकारे' अजून पैशाला चिकटले नव्हते. चिकटले ते नंतर, पश्चिमेत. त्या शब्दातला 'क'सुद्धा तिथे शाबूत आहे. पश्चिमेत दोन स्वरांमध्ये सापडलेला 'क' मऊ होऊन 'ग' झाला. 'अमिकुस'चा 'अमीगो' झाला तसा. फ्रेंचांनी तोही गिळला.

जुना अर्थ मात्र एकदम गेला नाही. इटालियनमध्ये 'पागो' म्हणजे आजही तृप्त, समाधानी. जुन्या फ्रेंचमध्ये 'पाये' करणे म्हणजे समजूत घालणेही आणि रक्कम चुकवणेही. तिथून ते इंग्लंडात 'पे' झाले. जुन्या स्पॅनिशमध्ये 'पागादो' माणूस म्हणजे खूश माणूस. 'सीदचे काव्य' या स्पेनच्या थोर वीरगाथेत हा शब्द या अर्थाने वारंवार येतो, आणि त्यातच एक विनोद दडला आहे. राजाने हद्दपार केलेल्या सीदला फौजेसाठी पैसे हवे असतात. तो दोन पेट्या वाळूने भरतो, त्यांना तांबडे कातडे आणि सोनेरी खिळे मारतो आणि बुर्गोसच्या राकेल आणि विदास या दोन सावकारांकडे गहाण टाकून ६०० मार्क उचलतो. अट एकच, वर्षभर पेट्या उघडायच्या नाहीत. पुढे सीद वॅलेन्सिया जिंकतो, राजाला घोडे नजर करतो, सगळे 'पागादो' होतात. सावकार येऊन रडगाणे गातात, त्यांना आश्वासन मिळते, आणि पैसे दिल्याचा उल्लेख काव्यात कुठेच येत नाही. विद्वानांनी यावर बरेच कागद खर्च केले आहेत. मला वाटते, कवीला ती उधारी महत्त्वाची वाटली नाही, एवढेच.

पोर्तुगीज आपल्याकडे आले ते हे क्रियापद पूर्ण व्यवहारी झाल्यावर. १५१०मध्ये गोवा, १५२१मध्ये चौल, १५३४मध्ये वसई. त्यांच्या फौजेचे वेतन 'सोल्दो', सालियन कायद्यातल्या सोलिदुसचा वंशज. ते वेळेवर मिळेल याची खात्री नसे. यान हाउखेन व्हान लिंशोटेन हा डच माणूस १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. सैनिक दहा-बारा जण मिळून एका घरात राहत, त्यांच्यात चांगले कपडे दोन-तीन जोड, आणि ते घालून आळीपाळीने बाहेर पडत, असे त्याने लिहिले आहे. बाहेर रेशीम, घरात उपवास.

या मंडळींच्या हाताखाली सुतार, गवंडी, खलाशी, आचारी, शिपाई म्हणून इथली माणसे राबत होती. त्यांनी उचललेले शब्द पाहा: चावी, बिजागरी, घमेले, पाव, बटाटा. त्यात धर्म नाही, तत्त्वज्ञान नाही. हातात धरायच्या आणि पोटात घालायच्या वस्तू आहेत, आणि त्यांच्या पंगतीत पगार. तोही क्रियापदाच्या मूळ रूपात. पोर्तुगीजमध्ये वेतनाला 'सालारियु', 'ओर्देनादु', 'पागामेंतु' असे नीट नामशब्द आहेत. 'पागार' म्हणजे 'देणे'. पण बंदरावरची मोडकी पोर्तुगीज बोलताना रूपे चालवत कोण बसतो? क्रियापद जसे कानावर पडे तसेच तोंडात येई. मालक मुकादमाला 'पागार' म्हणाला की पैसे मिळत, म्हणून मिळाले ते पगार. व्याकरण लिस्बनमध्ये राहिले. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई गावात अशा बंदरी पोर्तुगीजमधून निपजलेली बोली आजही घराघरांत बोलतात.

मराठीत तेव्हा शब्द नव्हता असे नाही. वेतन होते, तनखा, मुशाहिरा, रोजमुरा, तैनात होती. दरबारी कागदांत हेच चालले. आणि मराठी फौजांतही थकबाकीचे रडगाणे कमी नव्हते. टॉमस ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी १८०९मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीत होता. थकलेल्या वेतनासाठी पलटणी कारभाऱ्यांच्या तंबूपुढे धरणे धरून बसत, जोवर बसले तोवर बसणारा जेवत नसे आणि ज्याच्या दारी बसले तोही, असे त्याने नोंदवले आहे. सीझरचे क्रियापद त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण रागावलेला माणूस दारातून उठायचा तर त्याला आधी 'पाकाता' करावे लागते, हे शिंद्यांच्या कारभाऱ्यांना तूरच्या बिशपइतकेच ठाऊक होते.

पोर्तुगीज गेले, दरबारही गेले. मुशाहिरा आणि रोजमुरा शब्दकोशात जाऊन बसले, वेतन आयोगापुरते उरले आणि पगार घरोघर राहिला. गोव्यात आसगावला १८५५मध्ये जन्मलेले पाद्री सेबास्तियांव रोदोल्फ दाल्गाद यांनी आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांचा कोश १९१३मध्ये काढला. कोकणी, गुजराती, कानडी अशा कितीतरी भाषांत या शब्दांचे धागे त्यांनी उकलले आहेत. आपल्या भाषेत किनाऱ्याने काय काय आणून टाकले, हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी ते पुस्तक जरूर चाळावे. इंग्रजीतही त्याचे भाषांतर झालेले आहे.

दरम्यान तेच क्रियापद इंग्रजीमार्गे दुसऱ्यांदा आपल्याकडे आले. 'पगाराचे पेमेंट झाले का?' असे आपण विचारतो तेव्हा एका वाक्यात एकच लॅटिन शब्द दोनदा म्हणतो, एकदा लिस्बनच्या वाटेने आलेला आणि एकदा लंडनच्या. मात्र लिस्बनला गेलात तर तिथे 'पगार आला का?' असे विचारू नका. त्यांच्या लेखी ते अजून क्रियापदच आहे, आणि समोरचा तुम्हालाच विचारील: देणे आहे? कुणाचे?